दुसरा भाग कावळ्यांना

मी कितीतरी मराठी चित्रपट अर्धेच पाहिले आहेत. तेही पहिले अर्धे. खून कोणाचा झाला ते मला माहीत आहे, कोणी केला ते नाही. धाकट्या सुनेने घर मोडलं इथपर्यंत मी हजर होते, पुढे ती सुधारली की नाही देव जाणे. शेवटी सगळं गोड होतं असं लोक सांगतात. होत असेल. सालवडला ज्या घरात मी भाड्याने राहत होते तिथे चित्रपट मध्यंतराच्या पुढे कधी गेलाच नाही, कारण त्या घराच्या मालकीणबाई मध्यंतराच्या आत मरायच्या.

मी मूळची लातूरकडची. बोईसरला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तिथे माझ्यासारखीच एकटी आलेली चंद्रपूरची सुषमा भेटली आणि दोघींनी मिळून खोली शोधायचं ठरवलं. बोईसरला लागूनच असलेल्या सालवडमध्ये खोल्या भरपूर, पण दोन पोरी म्हटलं की घरमालकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. एका घराच्या पायरीवर मात्र साठी ओलांडलेल्या, मोठ्या डोळ्यांच्या, ताठ पाठीच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला जात विचारली नाही, मांस-मच्छीचं विचारलं नाही, परत यायची वेळही विचारली नाही. एवढंच म्हणाल्या, "मला कुठं पाहिलंय?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग बाईंनी मान डावीकडे वळवली, हनुवटी जराशी उचलली आणि तशाच थांबल्या.

"बँकेत?" सुषमा म्हणाली.

खोली हातची गेली असं मी धरून चालले. पण बाई उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "राहा. तुमचं शिक्षण मुळापासून करावं लागणार."

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना काकू म्हटलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "काकू मी केलीय. मामी केलीय, आत्या केलीय, सावत्र आई तर विचारू नकोस. सगळी नाती करून झाली, ताई तेवढी कुणी करू दिली नाही. तर ताई म्हणायचं." तेव्हापासून माझ्या आईपेक्षा मोठ्या असलेल्या त्या बाईंना आम्ही ताई म्हणायला लागलो.

ताई मिरजेकडच्या. लहानपणापासून फिरत्या नाटक मंडळीत वाढलेल्या. यजमान इथल्या एका कारखान्यात फोरमन होते, म्हणून बोईसरला बिऱ्हाड. इथून मुंबईला जाऊन त्या शूटिंग करून यायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिलं होतं हे घर, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोल्या आणि बैठकीतलं ते काचेचं कपाट.

त्या कपाटात ताईंचं सगळं काम सीड्यांवर होतं. चित्रपटांच्या सीड्या विकत आणलेल्या. मालिका आधी घरी कॅसेटवर उतरवलेल्या आणि मग स्टेशनजवळच्या दुकानातून सीडीवर करून घेतलेल्या. दुसऱ्या कुणी त्या नावाप्रमाणे लावल्या असत्या. ताईंनी त्या मरणाप्रमाणे लावल्या होत्या. वरचा कप्पा आजाराचा. त्याखाली अपघात, त्यात जिन्यावरून पडण्याच्या वेगळ्या. त्याखाली खून आणि विष एकत्र. सगळ्यांत खाली धक्का, म्हणजे मुलगा पिऊन आला किंवा मुलगी पळून गेली की छातीला हात लावून जाणं. एका मालिकेत मात्र त्या कित्येक महिने कोमात होत्या आणि पुढे मालिकाच बंद पडली. तिला आजारात ठेवायचं की कसं, हे न ठरल्यामुळे ती कपाटाच्या डोक्यावर ठेवलेली होती.

कोपऱ्यात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाही होता. त्यावर लिहिलं होतं, 'जिवंत'. त्यात फार काही नव्हतं. कंबरदुखीच्या मलमाची जाहिरात, आरोग्य खात्यासाठी केलेला एक माहितीपट आणि एक पौराणिक मालिका. त्या मालिकेत ताई नदी झाल्या होत्या. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ऋषींना वाट द्यायची. "नदीला मारता येत नाही ना," ताई समाधानाने म्हणायच्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी खेळ असायचा. हजेरी सक्तीची. डीव्हीडी प्लेअरचा खण आपणहून उघडायचा नाही, तो ताई अंबाड्यातला आकडा काढून उघडायच्या. मोबाइल बाहेर पायरीवर. मध्ये बोलायचं नाही. स्वतःचा प्रवेश आला की ताई पडद्याकडे बघायच्याच नाहीत, आमच्या तोंडाकडे बघत बसायच्या. आणि पडद्यावर त्यांची मान कलली रे कलली की बटण दाबलंच. "झालं."

मग चहा, भजी आणि तोंडी परीक्षा. "कशी गेले?"

सुषमा या विषयात फार लवकर तयार झाली. "ताई, हात आधी पडला आन् मान मागून. अंगावर काटा आला," असं ती म्हणायची, आणि तिच्या ताटलीत दोन भजी जास्त पडायची. मला ते कधी जमलं नाही. मी एकदा भोळेपणाने विचारलं, "ताई, पण पुढे काय होतं?"

"पुढं?" त्यांना प्रश्नच कळेना. "पुढं मी नाही."

"तुम्ही नाही, पण पिक्चर तर असेल ना?"

"असतो बिचारा. ओढत नेतात कसाबसा."

मोबाइलवर शोधून उरलेला भाग बघू, असं सुषमाने एकदा सुचवलं. त्यावर ताई म्हणाल्या की चार बोटांच्या काचेत त्या मावत नाहीत. आम्ही गुपचूप शोधलंही. एखाददुसरं गाणं सापडायचं, बाकी काही नाही. त्या वेळचे छोटे चित्रपट कुणी जपून ठेवलेच नव्हते. तेव्हा कंपनीच्या बसमध्ये बसून मी आणि सुषमा आपापल्या मनाने शेवट रचायचो आणि त्यावरून भांडायचो.

तर एका चित्रपटाच्या दोन सीड्या असायच्या. पहिलीवर मध्यंतरापर्यंतचा भाग, दुसरीवर उरलेला. पहिल्या कपाटात. दुसऱ्यांचं काय? त्या जयवंतीला. जयवंती ही जवळच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावची कोळीण, दारावर मासळी घेऊन यायची. मागच्या पायरीवर बसून मासळी साफ करून द्यायची, जगाच्या चार गोष्टी सांगायची आणि जाताना, असेल तर, ताईंनी बाजूला काढलेली दुसरी सीडी पदरात बांधून न्यायची. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तिथे कावळ्यांचा उच्छाद असतो. सीडी दोऱ्याने टांगली की वाऱ्यावर फिरते, चकाकते आणि कावळे बिचकतात. "दुसरा भाग कावळ्यांना," ताई म्हणायच्या. "त्यांनाही करमणूक पाहिजे."

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत असू. पण एक गोष्ट हसण्यावारी नेता यायची नाही. ती म्हणजे कापलेला सीन.

आजाराच्या कप्प्यात एक चित्रपट होता. त्यात ताई एका तरुण मुलाची आई होत्या. मरायच्या आधी त्या आईचं एक मोठं बोलणं होतं. आपण जाणार आहोत हे ती मुलाला सांगतच नाही. घरात काय कुठे आहे तेवढं सांगते. मीठ खालच्या फळीवर आहे. हळदीच्या बरणीचं झाकण आधी दाबायचं, मग फिरवायचं. वडलांची छत्री दारामागे आहे, तिची एक काडी मोडलीय, पण पाऊस अडतो. असं सांगत सांगत शेवटी म्हणते, "सापडलं नाही तर हाक मार."

"एका दमात दिला मी," ताई सांगायच्या. "लाइटवाला रडत होता. लाइटवाले रडत नसतात गं, त्यांना पगार लाइटाचा मिळतो."

चित्रपट थिएटरला लागलाच नाही, थेट सीडीवर आला. ताईंनी सीडी आणली, यजमानांना मुद्दाम समोर बसवलं. सीन आलाच नाही. मुलगा घरातून बाहेर पडला आणि पुढच्या क्षणी आईची तिरडी. ताईंनी बटण दाबलं ते दाबलंच. दिग्दर्शक त्यांच्याच नाटक मंडळीतला, बरोबरीने वाढलेला, अरे-तुरेतला. त्याचा फोन आला तो घेतला नाही. पुन्हा आला, तोही नाही. त्या दिवसापासून त्याचं नाव घरात 'कातरवाला' पडलं. पुढे तो मालिका करायला लागला. वर्षानुवर्षं जगणाऱ्या एका सासूसाठी त्याने माणूस पाठवून ताईंना विचारलं. ताईंनी निरोप धाडला, "त्याला सांगा, कापायला दुसरी बघ." हळूहळू बाकीच्यांचेही निरोप यायचे थांबले. कातरवाल्याचा मात्र दर दिवाळीला मेसेज यायचा. ताई तो उघडायच्या, वाचायच्या आणि मोबाइल पालथा ठेवायच्या.

तो सीन ताई आम्हाला करून दाखवायच्या. स्वयंपाकघरात, खऱ्या बरण्या घेऊन. त्यासाठी त्यांनी स्वयंपाकघरच त्या बोलण्याप्रमाणे लावून घेतलं होतं. मीठ खालच्या फळीवर, हळद त्या झाकणाच्या बरणीत, दारामागे मोडक्या काडीची छत्री. शेवटच्या वाक्याआधी त्या एवढ्या थांबायच्या की गॅसवरचं दूध उतू जायचं. करून झालं की म्हणायच्या, "हे असतं तर मी कोण होते ते लोकांना कळलं असतं." आपण चांगल्या नटी होतो की नुसती मरायला बरी म्हणून बोलावलेली बाई होतो, याचा निकाल त्या एका सीनमध्ये होता, आणि तो सीन जगात कुठेच नव्हता. मला त्यांची फार कणव यायची आणि त्या कातरवाल्याचा, त्याला कधी पाहिलंही नसताना, संताप यायचा.

एकदा सुट्टीच्या सकाळी जयवंती मागच्या पायरीवर बोंबील साफ करत बसली होती. सुषमाने हळद कुठे आहे विचारलं. एवढं निमित्त पुरलं. ताईंनी पदर खोचला आणि सीन सुरू केला. मीठ झालं, हळद झाली, छत्री झाली. ताई थांबल्या. आम्हीही सवयीने थांबलो.

"सापडला नाय तं हाक मार," पायरीवरून जयवंती म्हणाली. तिने मान वरही केली नव्हती.

ताई संतापल्या. "मधे बोलू नये! ऐकून ऐकून तुझंही पाठ झालं होय?"

"ऐकून कशाला? तुमच्या सीडीत हाय ना ता."

"कुठल्या सीडीत?"

"तुमी देता त्या. कावल्यांच्या." जयवंतीने कोयता बाजूला ठेवला. "आमी आदी बघतो घरात सगली जणां, मंग बांदतो. फुकट कशाला घालवाचा?"

जयवंती आपली सांगतच होती. "तुमी दर पिक्चरमदी फोटोत असता ना, हार घातलेला. मला वाटला तुमचा कामच ता हाय, फोटोत बसाचा. पण त्या एका पिक्चरमदी फोटो बोलला. पोरगा फोटोकडं बघतो न तुमी येता न सांगता, मीठ कुटं, हलद कुटं. माजी सून दोन दिवस डोले पुसत व्हती."

"पुरं बोलते मी?" ताईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. "छत्रीसकट?"

"छत्रीसकट."

माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. कातरवाल्याने सीन कापलाच नव्हता. उचलून मागे नेला होता, मुलाच्या आठवणीत. आणि आमच्या ताईंनी आयुष्यातला सगळ्यांत चांगला सीन स्वतःच्या हाताने कावळ्यांना दिला होता. जयवंतीच्या घरातल्यांना सगळ्या चित्रपटांचे शेवट ठाऊक होते आणि आम्हाला सगळ्या सुरुवाती. दोन्ही घरं समोरासमोर बसवली असती तर पुरते चित्रपट झाले असते.

अर्ध्या तासात आम्ही रिक्षात होतो. ताईंनी नारायणपेठ नेसली होती आणि केसांत अबोली माळली होती. जयवंती टोपली मांडीवर घेऊन पुढे रिक्षावाल्याशेजारी दाटीवाटीने बसली होती. वाटेत ताई एकच वाक्य बोलल्या. "हार कुठला घातलाय माझ्या फोटोला, ते बघायला पाहिजे."

मुरब्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर तोंडात तोंड अडकवलेल्या बोंबलांच्या जोड्याच जोड्या लटकत होत्या, आणि मधूनमधून सीड्या फिरत होत्या. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने त्यांच्यावरचं नाव, चित्र सगळं उडून गेलं होतं. सगळ्या सारख्या. कुठली कुणाची, सांगायची सोय नाही.

"सगल्या सोडून न्या," जयवंती म्हणाली, "पण माजा माल कोण राखील? कावले बसलेच हायत टपून."

"आम्ही राखू," ताई म्हणाल्या.

मी आणि सुषमा सीड्या सोडायला लागलो. कावळ्यांनी बातमी एकमेकांना कळवली असावी, कारण बघता बघता सगळा थवा उतरला. तेव्हा ताई नारायणपेठ सावरत, हातात बांबूची काठी घेऊन काठ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि गरजल्या, "चालते व्हा! या घरात तुम्हाला थारा नाही!" कुठल्या सावत्र आईचं वाक्य होतं कोण जाणे. फिरत्या नाटकात माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवलेला तो आवाज. कावळे उठले ते थेट सुरूच्या झाडांवर जाऊन बसले. जाळी विणणारे म्हातारेसुद्धा उभे राहिले.

"ही सीडीपरीस बरी," जयवंती म्हणाली.

आमची पिशवी भरत आली तेव्हा जयवंतीची सून बाजारातून परतली. आमचा सगळा प्रकार तिने कमरेवर हात ठेवून ऐकून घेतला. मग सासूला म्हणाली, "ती व्हय? ती मी उनात नाय टाकली. मला आवडलेली ती. आत हाय, पडवीत." सुक्या बोंबलांच्या टोपलीवर, मांजर येऊ नये म्हणून, ती सीडी सावलीत टांगलेली होती. चित्र पुसट झालं होतं, पण नाव वाचता येत होतं. ताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि पदरात गुंडाळली. बाकीच्या आम्ही पुन्हा बांधून दिल्या.

घरी आल्यावर सीडी साबणाने धुतली, तरी खोलीभर सुक्या बोंबलाचा वास सुटला. ताईंनी अंबाड्यातला आकडा काढला. आकडा दोनदा निसटला, खण उघडेना. शेवटी सुषमाने उघडला. जयवंतीही टोपली सोडून सुनेला घेऊन आली होती. आम्ही सगळ्या जमिनीवर बसलो. मला एकच भीती होती, की सीडी चालायची नाही. आणि त्याहून मोठी भीती ही, की चालेल आणि सीन ताई सांगतात तेवढा चांगला नसेल.

सीडी चालली. चित्र मधूनच चौकोनाचौकोनांत फुटायचं आणि पुन्हा जुळायचं. मुलगा रिकाम्या घरात शिरला. फोटोकडे बघत उभा राहिला. आणि स्वयंपाकघरातून ताई आल्या. केस काळे, गाल भरलेले, तीच पाठ. मीठ खालच्या फळीवर आहे, म्हणाल्या. आमच्यात बसलेल्या ताई या वेळी आमच्या तोंडांकडे बघत नव्हत्या. त्यांच्या स्वयंपाकघरात दूध उतू जाईपर्यंत चालणारं ते थांबणं पडद्यावर एका श्वासाएवढंच होतं. "सापडलं नाही तर हाक मार." चांगला होता. फार चांगला होता. त्या ज्या तऱ्हेने करून दाखवायच्या त्याहून साधा आणि त्याहून चांगला. मी रडत होते, सुषमा रडत होती, जयवंतीची सून तर आधीपासूनच.

"फोटोला झेंडूचा हार," ताई म्हणाल्या. "बरा आहे." मग डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला. आम्हाला वाटलं बटण दाबायला. त्यांनी पायरीवरचा मोबाइल मागितला.

पलीकडे बराच वेळ घंटा वाजली. मग एक म्हातारा, खोकत, "कोण?" म्हणाला. ताईंना आवाज मोठा करायची सवय होती, स्पीकर चालूच होता.

"सापडलं," ताई म्हणाल्या.

पलीकडचा खोकला थांबला. त्याने आवाज ओळखला होता, हे आम्हालाही कळलं.

"कुठं होतं?" त्याने विचारलं.

"सुक्या बोंबलांच्या टोपलीवर."

तो हसायला लागला. हसता हसता खोकला, आणि मग तो हसतोय की दुसरं काही करतोय ते कळेनासं झालं. "किती फोन केले गं तुला," तो म्हणाला. "अगं, पुढचं तरी बघायचंस."

"बघतेय," ताई म्हणाल्या. "फोन ठेवू नकोस. पण मधे बोलायचं नाही, या घरात चालत नाही ते."

त्यांनी मोबाइल टीव्हीसमोर उभा करून ठेवला. मुलगा मिठाचा डबा शोधत होता. जयवंतीला आणि सुनेला पुढचं सगळं पाठ होतं, पण त्या जिभा चावून गप्प बसल्या. पलीकडे कातरवाला मधूनमधून खोकत होता. त्या घरात पहिल्यांदाच मध्यंतराच्या पुढचा चित्रपट चालला, आणि ताई पदर सावरून तो शेवटपर्यंत बघत बसल्या.